वऱ्हाडची तीन घरे

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापूस फुटलेला असतो. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करावे, दहीभाताचा नैवेद्य दाखवावा आणि मग बंडी भरून बाजाराची वाट धरावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपली बंडी कोणत्या गावास जाते हे शेतकऱ्यास पक्के ठाऊक असते. परंतु आपला मुलूख कोणत्या राज्यास जातो, हे मात्र वऱ्हाडच्या शेतकऱ्यास शंभर वर्षांत तीनदा दुसऱ्यांनी सांगितले.

एखाद्या देशाने किंवा प्रांताने जुने बिऱ्हाड मोडून निराळे मांडावे की नाही, या प्रश्नाने माणसे किती पेटतात, हे जगाने अलीकडे इंग्लंडात पाहिले. युरोपातील राष्ट्रांनी मिळून व्यापाराचा आणि राज्यव्यवहाराचा जो संघ उभारला होता, त्यात इंग्लंड १९७३ साली शिरले. १९७५ साली लोकांचे मत घेतले तेव्हा दोनतृतीयांश लोकांनी 'राहू' म्हटले. आणि २३ जून २०१६ रोजी पुन्हा विचारले तेव्हा ५१.९ टक्के लोकांनी 'जाऊ' म्हटले. ३१ जानेवारी २०२० रोजी ते राष्ट्र बाहेर पडले. या चार वर्षांत तिकडे बाप-लेकांत, नवरा-बायकोत आणि जुन्या पक्षमित्रांत जी भांडणे झाली, ती वाचून आपल्याकडील कित्येकांस नवल वाटले. वास्तविक यवतमाळ, अकोला, अमरावती, नागपूर या मुलखातील जुन्या माणसांस त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. हा वाद त्यांनी आपल्या ओसरीवर ऐकला होता.

वऱ्हाडचे पहिले घर निजामाचे. १८५३ साली हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा हा विचित्र संसार होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी नवा ठराव केला आणि वर्षास पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढील साली ते मध्यप्रांतास जोडले गेले. हे दुसरे घर; त्याची राजधानी नागपूर. गंमत अशी की, मालकीचा कागद यानंतरही निजामाच्याच नावे राहिला. १९३६ साली हैदराबादच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली, आणि प्रांताच्या नावातही वऱ्हाडचा उच्चार निराळा होत राहिला. शेतसारा भरणाऱ्या कुणब्यास यातले काही विचारले गेले नाही.

मात्र कापसाने आपला रस्ता स्वतःच शोधला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस एकदम भाव आला. अमरावती व खामगाव येथे मोठे बाजार वाढले. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा गेला. पुढे यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. तिला पुढे लोक कौतुकाने 'शकुंतला' म्हणू लागले. तिने यवतमाळकडची रुई मूर्तिजापुरास न्यावी, तेथे मोठ्या रुळावर चढवावी आणि ती मुंबईच्या बंदरास पोहोचावी, असा हा मार्ग. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण या वैभवाचीच. तेव्हा वऱ्हाडची स्थिती अशी झाली की, कोर्टकचेरीसाठी माणूस पूर्वेस नागपुराकडे जाई, आणि त्याचा कापूस पश्चिमेस मुंबईकडे जाई. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या दोन दिशांत आहे.

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा हे गाव या इतिहासात एकदा ठळकपणे येते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह देशभर चालला. पण वऱ्हाडात समुद्र कोठून आणावा? येथे सरकारचा जुलूम जाणवे तो जंगलच्या कायद्यातून. तेव्हा राखीव जंगलातील गवत परवान्यावाचून कापायचे, असा जंगल सत्याग्रह ठरला. १० जुलै रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी त्याचा प्रारंभ केला. त्याच महिन्यात नागपूरहून डॉ. केशव बळिराम हेडगेवार आपल्या तुकडीसह आले आणि लोहाऱ्याच्या जंगलात त्यांनी कायदा मोडला. वऱ्हाडचे आणि नागपूरचे, निरनिराळ्या मतांचे लोक त्या दिवसांत एकाच जंगलात विळा घेऊन उतरले होते. परका सरकार समोर असताना माणसे एका रांगेत उभी राहतात. सरकार आपले होण्याची वेळ जवळ आली म्हणजे, घर कसे मांडावे याविषयी त्यांचे मतभेद बाहेर येतात. त्यात वाईट असे काही नाही.

हा मतभेद स्वातंत्र्यापूर्वीच दिसू लागला. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी जिल्ह्यांचा 'महाविदर्भ' हा निराळा प्रांत व्हावा असा ठराव केला. हिंदी महाकोसल आणि मराठी विदर्भ यांचे जमत नाही, वऱ्हाडचा महसूल आमच्याकडे खर्च होत नाही, ही त्यामागची तक्रार. उलट १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात सर्व मराठी मुलखाच्या एका राज्याची हाक दिली गेली; आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष होते नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर. म्हणजे दोन्ही हाका विदर्भातूनच उठल्या. पुण्या-मुंबईचे एकीकडे व नागपूर-वऱ्हाडचे दुसरीकडे, अशी सरळ वाटणी या वादात कधीच नव्हती. तो विदर्भाच्या घरातलाच वाद होता.

स्वातंत्र्यास आठवडा उरला असता, ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यास दोन्ही बाजूंचे पुढारी बसले. शंकरराव देव आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी माणसे त्यात होती. तोड अशी निघाली की, संयुक्त महाराष्ट्र व्हावा, पण त्याच्या पोटात दोन उपप्रांत असावेत आणि दोघांस आपापले विधिमंडळ व मंत्रिमंडळ असावे. ते न जमल्यास महाविदर्भासाठी खटपट करावी. एका चुलीवर दोन तवे ठेवण्याचा हा बेत होता. तो कागदावरच राहिला, कारण असल्या उपप्रांतास पुढे राज्यघटनेत जागा मिळाली नाही.

मग २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, पंजाबराव देशमुख, गोपाळराव खेडकर इत्यादिकांनी त्यावर सह्या केल्या. त्यात अकरा कलमे होती. महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक मानावेत. पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे. नोकऱ्यांत व धंदेशिक्षणाच्या शाळांत प्रवेश त्याच प्रमाणात मिळावा. उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपुरास बसावे. आणि सरकारने दरवर्षी ठराविक काळ नागपुरास मुक्काम हलवून विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवावे. लग्न ठरवताना वधूपक्षाने याद्या कराव्या तसा हा कागद होता. सही न करणाऱ्यांत बापूजी अणे आणि बियाणी हे दोघे ठळक होते.

बापूजींचा विरोध समजून घेण्यासारखा आहे. १८८० साली वणी येथे जन्मलेला हा मनुष्य टिळकांचा निस्सीम अनुयायी. टिळकांवर त्यांनी संस्कृतात काव्य रचले, आणि त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ साली मिळाले. मराठीविषयी त्यांची आस्था कमी होती असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. स्वतंत्र विदर्भाची मागणी ही हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची मागणी आहे, असा आरोप बियाणींकडे बोट दाखवून होत असे. अण्यांकडे पाहून तो करता येत नसे. एक भाषा म्हणजे एक राज्य असलेच पाहिजे असे नाही, असे या पक्षाचे म्हणणे होते. हिंदी बोलणाऱ्यांची राज्ये अनेक असतात, तर मराठीची दोन का नसावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना मराठी मुलखाचे मुंबई शहर धरून चार भाग सुचविले होते. मोठ्या राज्यात लहानांचा आवाज दबतो, ही त्यांची धास्ती होती.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही हलके नव्हते. आठ जिल्ह्यांच्या राज्याने मुंबईसारखे बंदर, तेथील भांडवल, तेथील गिरण्या आणि तेथील विद्यालये दुरून पाहावयाची, आणि आपला कापूस मात्र तेथेच पाठवावयाचा, यात शहाणपण कोणते? शिवाय मराठी मुलखाचे तुकडे राहिले तर मुंबईवरचा मराठी माणसाचा हक्क दुबळा होईल, ही भीती त्या वर्षांत अगदी खरी होती. विदर्भाने बाजूस राहावे म्हणजे भावाला ऐन फिर्यादीत एकटे सोडावे, असे कित्येकांस मनापासून वाटे. दोन्ही बाजूंस स्वार्थ होता आणि दोन्ही बाजूंस प्रेमही होते. म्हणून वाद कडू झाला.

१९५३ च्या डिसेंबरात नेमलेल्या राज्यपुनर्रचना आयोगापुढे हे सारे गेले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर असे तिघे त्यात होते. देशभरातून दीड लाखावर कागद त्यांच्याकडे आले. नऊ हजारांवर लोकांशी ते बोलले. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्यांनी विदर्भापुरता निकाल अण्यांच्या बाजूने दिला: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचे निराळे राज्य व्हावे. परंतु शिफारस ही शिफारस असते. त्याच नोव्हेंबरात काँग्रेसच्या कार्यकारिणीने विदर्भ महाराष्ट्रात घालण्याचे ठरविले. पुढे मुंबईवरून रक्त सांडले. आणि अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा व विदर्भ या सर्वांसह द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. हे वऱ्हाडचे तिसरे घर. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजराती भाऊ निराळे झाले आणि महाराष्ट्र राज्य झाले.

नागपुरास हा धक्का मोठा होता. कालपर्यंत ती राजधानी होती. आता मध्यप्रदेशाचे सरकार भोपाळास गेले, उच्च न्यायालय जबलपुरास गेले, आणि नागपुरास मुंबईच्या न्यायालयाचे एक पीठ राहिले. राजधानी हलते तेव्हा कारकून, वकील, छापखानेवाले आणि खाणावळवाले यांचेही दिवस फिरतात. हा राग १९५९ साली मतपेटीत दिसला. लोकसभेच्या नागपूर पोटनिवडणुकीत नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर बापूजी अणे निवडून आले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते; आणि १९६२ साली पुन्हा निवडून आले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांस पद्मविभूषण मिळाले.

येथे इंग्लंडच्या गोष्टीशी ताडून पाहावे. इंग्लंडात लोकांस मत विचारले. परंतु जायचे तर कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर नव्हते. अटी ठरविण्यात पुढे साडेतीन वर्षे गेली आणि दोन पंतप्रधान खुर्चीवरून उतरले. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी 'राहू' म्हटले होते, तेही बाकीच्यांबरोबर बाहेर गेले. विदर्भाचे उलट झाले. तेथे मत होते, करार नव्हता. येथे करार होता, मत नव्हते. मराठी माणसाच्या अनुभवात मत विचारल्याचे उदाहरण गोव्याचे आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथील लोकांस महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की निराळे राहावयाचे, असे विचारले गेले. १,७२,१९१ लोकांनी निराळे राहण्यास व १,३८,१७० लोकांनी विलीनीकरणास मत दिले. हरलेल्यांस दुःख झाले, पण आपल्यास विचारलेच नाही, असे त्यांस म्हणता आले नाही. विदर्भात पुढे जो सल राहिला त्यातील अर्धा भाग या न विचारण्याचा आहे.

राहिलेला अर्धा भाग कराराचा. नागपूरचे अधिवेशन १९६० पासून भरू लागले आणि थंडीच्या दिवसांत मंत्र्यांनी व आमदारांनी नागपुरास येणे हा रिवाज झाला; २०२० व २०२१ साली मात्र ते मुंबईसच भरले. न्यायालयाचे पीठ कायम राहिले. पैशाच्या कलमाचे काय झाले, ते मोजावयास मात्र तीस वर्षे लागली. १९८३ साली सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. तिने रस्ते, पाटबंधारे, शाळा, वीज यांत कोणता भाग सरासरीच्या किती मागे आहे याचा हिशेब केला. त्यातून 'अनुशेष' हा शब्द घरोघर पोहोचला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला, आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. घटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ सालीच झाली होती. मंडळे प्रत्यक्षात १९९४ साली आली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

यावरून मुंबईकरांनी विदर्भास लुबाडले असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांपुढे एक अडचण उभी राहते, आणि ती यवतमाळ जिल्ह्यातीलच आहे. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुढे त्याच घरातील सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. सर्वांत मोठा विरोधक वणीचा आणि सर्वांत दीर्घकाळचा मुख्यमंत्री पुसदचा, असा हा जिल्हा. खुर्ची जवळच्या माणसाची असली म्हणजे कालव्याचे पाणी आपल्या शेतात येतेच असे नाही, हे त्यातून शिकावे.

कापसाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९७२ साली सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याने शेतकऱ्यास नाडू नये, हा हेतू चांगला होता. परंतु योजनेमुळे शेतकऱ्याने आपला कापूस सरकारलाच द्यावा आणि राज्याबाहेर नेऊ नये, असे बंधन आले. जी राज्याची सीमा नकाशावर एक रेघ होती, ती शेतकऱ्याच्या दृष्टीने जकातीचे नाके बनली. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्रीच्या बंड्या सीमेपलीकडे जाऊ लागल्या. आणि आपल्याच शेतातला कापूस विकणारा मनुष्य चोर ठरू लागला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या बंधनावर पुढे आवाज उठविला. घर कोणते, या वादात शेतकऱ्यास सर्वांत जवळचा प्रश्न हाच होता: माझा माल मला हवा तेथे नेता येईल की नाही? हा प्रश्न करारात नव्हता आणि आयोगापुढच्या भाषणांतही फारसा नव्हता.

लोहाऱ्यास आज औद्योगिक वसाहत आहे. तेथे डेनिम कापडाची गिरणीही उभी राहिली; ज्या मुलखातून शंभर वर्षे रुई बाहेरच गेली, त्या मुलखात कापड निघाले, हे लहान यश नव्हे. पण त्याच यवतमाळ जिल्ह्याचे नाव या शतकाच्या आरंभापासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांस विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली. अणे जिंकले असते तर हे टळले असते काय? निश्चयाने 'होय' म्हणणारा मनुष्य भाबडा म्हणावा लागेल. कोरडवाहू जमीन, पाऊस, कर्ज आणि जगाच्या बाजारातील भाव हे राजधानी कोठे आहे हे पाहून चालत नाहीत. पण करार पाळला असता, पाटबंधाऱ्यांचा पैसा वेळेवर आला असता, तर दुःख काही हलके झाले असते काय? येथे 'नाही' म्हणण्यास जीभ रेटत नाही.

म्हणून या वादाचा निकाल कोणाच्या बाजूने द्यावा, यापेक्षा त्यातून काय घ्यावे हे अधिक मोलाचे आहे. एकत्र राहण्याचे ठरविणारांनी दुबळ्या भावास जे लिहून दिले त्याची आठवण स्वतः ठेवली पाहिजे. दरवर्षी त्यानेच येऊन मागावे, ही रीत चांगली नव्हे. आणि सही न करणाऱ्यास फितूर म्हणू नये. नागपूर करारावर सह्या करणाऱ्यांनी महाराष्ट्र घडविला हे खरे. परंतु त्या कागदातील शब्द जिवंत राहिले ते सही न करणाऱ्या म्हाताऱ्यांमुळे, हेही तितकेच खरे आहे. अनुशेषाचा हिशेब मागणारे पुढचे सर्व लोक, जांबुवंतराव धोट्यांपासून आजच्या तरुणांपर्यंत, त्याच आठवणीच्या बळावर बोलत आले.

या दिवाळीत चार भाऊ एका पंक्तीस बसतील, तेव्हा शेतीवाडीची, वाटणीची, एकत्र राहण्या-न राहण्याची गोष्ट कोठे तरी निघेलच. निघाली तर निघू द्यावी. धाकट्यास विचारावे, त्याचे ऐकावे, आणि ठरले ते कागदावर लिहावे. मग मात्र तो कागद पेटीत टाकून विसरू नये. पुढच्या दिवाळीस पुन्हा उघडून वाचावा.